नकाशाआधी कॅलेंडर: म्युनिकमध्ये राहून दोघांनी युरोप फिरायचा तर

आम्ही म्युनिकला आलो त्याच वर्षी ईस्टरच्या चार दिवसांत प्राग, व्हिएन्ना, ब्रातिस्लावा आणि बुडापेस्ट अशी चार शहरं पालथी घातली. रात्र बसमध्ये, सकाळी स्टेशनच्या लॉकरमध्ये बॅगा, दिवसभर पायपीट, संध्याकाळी पुढची गाडी. बुडापेस्टला डॅन्यूबकाठी पोचलो तेव्हा समोर ते देखणं पार्लमेंट होतं आणि मी बाकावर बसून पायाला आलेले फोड बघत होते. परतीच्या सात तासांत आम्ही दोघं धड बोललो नाही. भांडण झालं नव्हतं, अंगात काही उरलंच नव्हतं.

त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. एक गाव, एक खोली, दोन किंवा तीन रात्री. रोज सकाळी तिथूनच हलक्या पिशवीनिशी कुठेतरी जायचं आणि रात्री त्याच खोलीत परतायचं. देश मोजणं बंद केलं. इथे नव्याने आलेली मराठी जोडपी घरी जेवायला आली की मी त्यांना हेच सांगते, म्हणून एकदा सगळं क्रमाने लिहून काढते आहे. उदाहरणं म्युनिकची आहेत, कारण आमचं घर इथे आहे. स्टुटगार्ट किंवा फ्रँकफर्टच्या लोकांनी गावांची नावं बदलावीत, क्रम हाच ठेवावा.

कागदपत्रं: घरातून निघायच्या आधी

जर्मनीचं निवासकार्ड किंवा ब्लू कार्ड हाती असेल तर शेंगेन, म्हणजे सामाईक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांच्या गटातल्या बाकीच्या देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस वेगळ्या व्हिसाशिवाय फिरता येतं. क्रोएशिया २०२३ च्या १ जानेवारीपासून शेंगेनमध्ये आहे, रुमानिया आणि बल्गेरिया २०२५ च्या १ जानेवारीपासून पूर्णपणे. ब्रिटन, आयर्लंड आणि सायप्रस त्यात नाहीत. त्यांचे नियम वेगळे, त्यामुळे लंडनचं स्वस्त विमान दिसलं म्हणून लगेच तिकीट काढू नका.

नुसतं कार्ड पुरत नाही. मूळ पासपोर्ट आणि मूळ कार्ड, दोन्ही दोघांच्या अंगावर हवेत. जर्मनीने २०२४ च्या सप्टेंबरपासून आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केली. साल्झबुर्गहून परतताना आमच्या डब्यात पोलीस चढले तेव्हा नवऱ्याकडे फक्त कार्ड होतं, पासपोर्ट घरच्या कपाटात. पोलीस सभ्यपणे बोलले, पडताळणी करून त्यांनी सोडलंही, पण त्या अर्ध्या तासात मला घाम फुटला होता. तेव्हापासून दोन्ही पासपोर्ट माझ्या छोट्या तिरक्या पर्समध्ये असतात आणि ती पर्स झोपतानाच काढते.

कार्डाची मुदत संपत आली असेल तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची वेळ काही महिने आधीच घ्या. नवं कार्ड येईपर्यंत मिळणारा तात्पुरता कागद, म्हणजे फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग, सगळ्यांचा सारखा नसतो. त्यावर कोणत्या कलमासमोर खूण आहे त्यावर तुम्हाला जर्मनीत परत येता येईल की नाही हे ठरतं. कार्यालयाला विचारल्याशिवाय त्या कागदावर सीमा ओलांडू नका, अगदी दिवसभराच्या सहलीसाठीसुद्धा.

विम्यातली एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. जर्मन आरोग्यकार्डाच्या मागच्या बाजूला युरोपीय विमाकार्ड असतं आणि ते इटली-ऑस्ट्रियात चालतं. पण आपल्यासारख्या युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकांना ते डेन्मार्क, नॉर्वे, आइसलंड आणि स्वित्झर्लंडमध्ये वापरता येत नाही. म्हणून परदेशप्रवासाचा वार्षिक आरोग्यविमा वेगळा काढा. माणशी रक्कम छोटी असते, आणि आल्प्समध्ये पाय मुरगळला तर तोच उपयोगी पडतो. आणीबाणीचा नंबर सगळीकडे ११२.

सुट्ट्यांचं गणित

आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णयशेजारी बायर्नचं, म्हणजे आमच्या राज्याचं, सुट्ट्यांचं कॅलेंडर टांगलेलं आहे आणि दर डिसेंबरात आम्ही ती दोन्ही घेऊन बसतो. पाच दिवसांच्या आठवड्याला जर्मनीत कायद्याने किमान २० दिवस रजा मिळते, बऱ्याच ऑफिसांत ती तीसच्या आसपास असते. त्यातले पंधरा-सोळा दिवस भारतवारीला आणि दोन-तीन घरच्या कामांना बाजूला काढले की उरलेल्या रजेवर वर्षभर फिरायचं असतं.

इथे कामाला येतो तो ब्रुकेनटाग, म्हणजे सुट्टी आणि शनिवार-रविवार यांच्यात पूल बांधणारा दिवस. क्रिस्टी हिमेलफार्ट आणि फ्रोनलाइखनाम हे दोन सण नेहमी गुरुवारीच येतात, ईस्टरपासून मोजून. ईस्टर आपल्या सणांसारखाच चंद्रावर चालतो, त्यामुळे तारखा दरवर्षी हलतात, पण वार हलत नाही. शुक्रवारची एक रजा टाकली की चार दिवस हातात. ईस्टर आणि पेंटेकॉस्टचे सोमवार सुट्टीचेच असतात. फ्रोनलाइखनामची सुट्टी सगळ्या राज्यांत नसते, बायर्नमध्ये आहे.

पण हे गणित सगळ्या जर्मनीला येतं. त्या गुरुवारी इटलीच्या वाटेवरच्या ब्रेनर खिंडीकडे जाणाऱ्या गाड्या खचाखच भरतात आणि खोल्यांचे भाव चढतात. माझं मत असं की या जोडसुट्ट्यांत जवळच जावं, आणि लांबच्या सहलीला साधी रजा टाकून सप्टेंबरचा उत्तरार्ध धरावा. तेव्हा म्युनिकमध्ये ऑक्टोबरफेस्ट असतो, गावात राहणंच नकोसं होतं, बायर्नच्या शाळा सुरू झालेल्या असतात आणि आल्प्सच्या दक्षिणेला द्राक्षांची तोडणी चालू असते. एप्रिल आणि नोव्हेंबरात डोंगरातल्या बऱ्याच केबल कार देखभालीसाठी बंद असतात. त्या महिन्यांत शहरं बघा.

तिकिटं: इथे सर्वांत जास्त पैसे वाचतात

पाया म्हणजे डॉइचलांडटिकेट. २०२३ च्या मे महिन्यात ते ४९ युरोंना सुरू झालं, २०२६ च्या जानेवारीपासून ६३ युरो झालं. महिनाभर देशातल्या सगळ्या प्रादेशिक गाड्या, मेट्रो, ट्राम, बस. आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांत ते चालत नाही. पुढच्या महिन्यात नको असेल तर चालू महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करावं लागतं. भारतात जाणार असाल त्या महिन्याआधी फोनमध्ये आठवण लावून ठेवा.

हे तिकीट सीमेपलीकडे थोडं पुढेही चालतं: ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गपर्यंत आणि कुफस्टाइनपर्यंत. मात्र साल्झबुर्गच्या मार्गावर प्रादेशिक गाडीबरोबर वेगवान रेलजेटही धावते. फलाटावर जी आधी आली तीत चढलात तर दंड. गाडीचं नाव बघूनच चढा.

डब्याकडेही लक्ष द्या. बायर्नमध्ये एकच गाडी वाटेत तुटते. टेगर्नझे तळ्याला जाणारी गाडी म्युनिकहून निघते ती तीन गाड्या जोडून. होल्त्सकिर्शेनला एक तुकडा बायरिशत्सेलकडे वळतो, पुढे शाफ्टलाखला उरलेल्याचे दोन होतात, एक टेगर्नझेला आणि दुसरा लेंग्रीसला. चढताना दारावरच्या पाटीवर गावाचं नाव वाचा. आम्ही एकदा गप्पांच्या नादात मागच्या तुकड्यात बसलो आणि तळ्याऐवजी भलत्याच दरीत उतरलो.

पाहुणे आले तर बायर्न-टिकेट बघा. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत दिवसभर फिरता येतं, साल्झबुर्गही त्यात येतं. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी ९ नंतरच लागू होतं, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून.

लांबच्या प्रवासाला श्पारप्राइस, म्हणजे लवकर काढलेलं स्वस्त तिकीट. ते ठरलेल्या गाडीलाच बांधलेलं असतं. सीटचं आरक्षण त्यात धरलेलं नसतं, वेगळं घ्यावं लागतं. आपल्याला तिकीट म्हणजे जागा अशी सवय असते, म्हणून पहिल्या वेळी हमखास फसायला होतं. सुट्टीच्या दिवशी आरक्षणाचे पैसे वाचवू नका. ऑस्ट्रिया-इटलीकडे जाणाऱ्या गाडीचं तिकीट जर्मन आणि ऑस्ट्रियन अशा दोन्ही रेल्वेंच्या संकेतस्थळांवर बघा, त्याच गाडीचा भाव वेगळा दिसू शकतो.

कनेक्शन असेल तर घरापासून मुक्कामापर्यंत एकच सलग तिकीट काढा. मग पहिल्या गाडीला उशीर होऊन पुढची चुकली तरी जबाबदारी रेल्वेची असते. जर्मन रेल्वेत मुक्कामी २० मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसलं की गाडीचं बंधन सुटतं आणि दुसऱ्या गाडीने जाता येतं. कुफस्टाइनपर्यंत डॉइचलांडटिकेट आणि तिथून पुढे वेगळं तिकीट ही युक्ती स्वस्त पडते खरी, पण तुकड्यांमधल्या चुकलेल्या गाडीचा भुर्दंड तुमचाच. मध्ये किमान तासाभराची फट ठेवता येत असेल तरच ती करा.

विमानाचं थोडक्यात. ‘म्युनिक वेस्ट’ म्हणून विकलं जाणारं मेमिंगेन म्युनिकपासून शंभराहून अधिक किलोमीटरवर आहे. पॅरिसचं बोव्हे आणि मिलानचं बेर्गामोही शहराबाहेर दूर. दारापासून दारापर्यंतचे तास आणि बसचं भाडं धरून मगच तुलना करा. काही स्वस्त विमान कंपन्या युरोपीय संघाबाहेरच्या प्रवाशांची कागदपत्रं आधी काउंटरवर तपासतात, तेव्हा बोर्डिंग पास फोनमध्ये असला तरी लवकर पोचा. आम्ही गाडी चालवत नाही. चालवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की भारतीय परवाना जर्मनीत राहायला आल्यापासून सहाच महिने चालतो.

तालीम: जवळची गावं

पहिलं दीड वर्ष मला नोकरी नव्हती. सकाळी जर्मनचा वर्ग असायचा, दुपार रिकामी, आणि घराच्या भिंती अंगावर यायच्या. मग मंगळवारी किंवा बुधवारी मी एकटीच प्रादेशिक गाडीत बसू लागले. पोळी-भाजीचा डबा, पाण्याची बाटली, संध्याकाळी सहाला घरी. मिटेनवाल्डला व्हायोलिन बनवणाऱ्यांच्या गल्ल्या पाहिल्या, न्योर्डलिंगेनला उल्कापाताने झालेल्या विवरात वसलेल्या गावाच्या तटावरून गोल चालले. उद्घोषणा कळायला लागल्या, तिकीट तपासनिसाला उत्तर देता यायला लागलं. माझी जर्मन वर्गात कमी आणि गाडीत जास्त सुधारली. नवऱ्यामागे या देशात आलेल्या प्रत्येकीला मी हे आग्रहाने सांगते: जोडीदाराच्या शनिवारची वाट बघत बसू नका.

अशाच एका फेरीत पासाउ सापडलं. तिथे डॅन्यूब, इन आणि इल्त्स अशा तीन नद्या भेटतात. इल्त्सचं पाणी काळसर, इनचं फिकट हिरवट, आणि भेटल्यावरही बराच वेळ रंग वेगळे दिसतात. मी कराडची. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर लहानपणी प्रत्येक संध्याकाळ गेली. त्या टोकावरून आईला व्हिडिओ कॉल लावला, पाणी दाखवलं. पुढच्या शनिवारी नवऱ्याला घेऊन परत गेले, तेव्हा कुठे उतरायचं, कुठे बसायचं हे सगळं मला माहीत होतं.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत अशा पाच-सहा एकदिवसीय सहली करा. त्यातून तुमची चाल कळते: दिवसाला किती किलोमीटर झेपतं, भूक किती वाजता लागते, कुणाला उंचीची भीती वाटते. मोठी सहल या माहितीवर उभी राहते.

मुक्काम कसा निवडायचा: बोल्झानोचं उदाहरण

मुक्कामाच्या गावाला आम्ही तीन प्रश्न विचारतो. स्टेशनपासून खोली चालत पंधरा मिनिटांत आहे का? तिथून किमान तीन दिशांना तासाभरात जाता येतं का? आणि राहणाऱ्याला गेस्ट कार्ड मिळतं का?

तिसरा प्रश्न विसरू नका. युरोपात पुष्कळ भागांत मुक्कामाबरोबर स्थानिक बस-रेल्वे मोफत मिळते. ब्लॅक फॉरेस्टमध्ये कोनुस कार्ड, बाझेलमध्ये बाझेल कार्ड, इटलीतल्या दक्षिण टिरोलमध्ये ज्यूडटिरोल गेस्ट पास. खोली दहा-पंधरा युरोंनी महाग असली तरी कार्ड धरून ती स्वस्त पडते. सगळीच घरं या योजनेत नसतात, म्हणून पैसे भरण्याआधी मालकाला लिहून विचारा. नवी खोली नेहमी रद्द करता येईल अशीच घ्या.

दक्षिण टिरोलचं बोल्झानो म्युनिकहून थेट ईसी गाडीने साधारण चार तासांवर आहे. गाडी ब्रेनर खिंडीतून, सुमारे १,३७० मीटरवरून इटलीत उतरते, तेव्हा डब्यात बसूनच आल्प्स ओलांडले जातात. पहिल्या महायुद्धापर्यंत हा भाग ऑस्ट्रियाचा होता, म्हणून पाट्या इटालियन आणि जर्मन अशा दोन्ही भाषांत. जर्मन येत असेल तर इथे इटलीत असूनही अडत नाही.

आमच्या तीन रात्री अशा बसवल्या होत्या. गुरुवारी दुपारी पोचून काही न बघता झोप, संध्याकाळी फळबाजाराच्या चौकात फेरी. शुक्रवारी स्टेशनजवळून सुटणाऱ्या केबल कारने रिटेन पठारावर, तिथे १९०७ पासून धावणाऱ्या छोट्या रेल्वेने क्लोबेनश्टाइन, आणि तिथून चालत मातीच्या मनोऱ्यांपर्यंत. उंच मातीचे सुळके आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एक दगड. दगडाखालची माती पावसापासून वाचते, आजूबाजूची वाहून जाते, म्हणून सुळका उरतो. दगड पडला की तो सुळकाही झिजायला लागतो. केबल कार आणि छोटी रेल्वे दोन्ही गेस्ट पासमध्ये होत्या. शनिवारी सकाळी १९९१ मध्ये हिमनदीत सापडलेल्या ओत्झीला संग्रहालयात बघितलं. पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा माणूस, त्याची तांब्याची कुऱ्हाड, गवत भरलेले बूट. नवरा त्या बुटांपाशी अर्धा तास उभा होता. दुपारी गाडीने मेरानो. रविवारी नाश्ता करून परत.

डोंगरावर जाताना दोन गोष्टी आधी बघा: त्या ठिकाणचा वेबकॅम आणि परतीच्या शेवटच्या केबल कारची वेळ. ही वेळ अनेकदा संध्याकाळी पाच-सहाचीच असते, आणि उन्हाळ्यात नऊपर्यंत उजेड असल्याने फसायला होतं.

व्हेनिस आणि स्वित्झर्लंड

व्हेनिसला म्युनिकहून नाइटजेट ही रात्रीची गाडी जाते. झोपायचा लीगेवागेन सहा किंवा चार बर्थचा असतो. आपल्या स्लीपरची सवय असलेल्यांना सहाचाही चालेल, पण मी चारचा घेते. बसायच्या डब्यात रात्र काढू नका, दुसरा दिवस वाया जातो. उतरायचं सांता लुचिया स्टेशनला, पायऱ्या उतरलं की समोरच मोठा कालवा. स्वस्त खोल्या मुख्य भूमीवरच्या मेस्त्रेला मिळतात, मध्ये गाडीचा छोटा प्रवास. इटलीत प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्यावं लागतं. व्हेनिसला दिवसभरासाठी येणाऱ्यांना गर्दीच्या ठरावीक तारखांना २०२४ पासून प्रवेशशुल्क आहे, त्या तारखा बघून घ्या.

स्वित्झर्लंडमध्ये सीमेवर मोबाइल डेटा बंद करा. युरोपीय संघात २०१७ पासून रोमिंग मोफत आहे, पण स्वित्झर्लंड संघात नाही. दिवसभर गाड्यांत फिरायचा श्पार पास जितका लवकर घ्याल तितका स्वस्त. युंगफ्राउयोख या उंच डोंगरावरच्या स्टेशनाचं महागडं तिकीट मात्र आगाऊ घेऊ नका. त्या सकाळी वेबकॅमवर ३,४५४ मीटरवरचं आकाश मोकळं दिसलं तरच घ्या, नाहीतर लाउटरब्रुनेनच्या दरीत धबधबे बघत चाला. ढगातही ती दरी सुंदर दिसते.

डबा

दोघांच्या सहलीत सर्वांत जास्त रुसवेफुगवे भुकेवरून होतात, म्हणून पहिल्या दिवसाचं जेवण घरूनच न्यायचं. तिखटमिठाच्या पुऱ्या, धपाटे किंवा दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कोरडी भेळ. दही वेगळं, तिथल्या दुकानातून. जर्मनीत रविवारी सुपरमार्केट बंद असतात, मोठ्या स्टेशनांमधली दुकानं उघडी असतात. खोलीत किटली असेल तर मेतकूट आणि घरी भाजून नेलेल्या उपम्याच्या रव्यावर संध्याकाळ निभते.

शाकाहारी असाल तर फक्त ‘व्हेगेटारिश’ विचारून थांबू नका, सूपमध्ये मांसाचा रस्सा असू शकतो. ‘ओने फ्लाइशब्र्यूए’ हे दोन शब्द पाठ करा, म्हणजे मांसाच्या रश्शाशिवाय. बायर्नमध्ये केझेश्पेत्स्ले, म्हणजे चीज घातलेल्या जाड शेवया, दक्षिण टिरोलमध्ये पालक-चीज भरलेले श्लुत्सक्राप्फेन हे पोटभरीचे आणि चविष्ट. तिथल्या पावाच्या गोळ्यांमध्ये बहुतेक वेळा श्पेक असतो, तो डुकराच्या मांसाचा.

दोघांचं आपसात

कामं वाटून घ्या आणि मग दुसऱ्याच्या कामात बोट घालू नका. तिकिटं आणि वेळापत्रक नवऱ्याकडे, खोली आणि खाणं माझ्याकडे. प्रत्येकाने सहलीतली एकच गोष्ट निवडायची, ती काहीही झालं तरी होणार. त्याची बहुधा चढण असते, माझा बाजार किंवा जुनं देऊळवजा चर्च. बाकी सगळं हवामानावर आणि पायांवर सोडायचं. दुपारी दोन तास वेगळं फिरायची मुभा ठेवा. मी चौकात बसून वही लिहिते, तो पूल आणि रेल्वे बघून येतो. संध्याकाळी बोलायला दोघांकडे काहीतरी असतं.

पैशांसाठी दर महिन्याला ठरावीक रक्कम एका वेगळ्या खात्यात. सहल त्या खात्यातूनच होते. खात्यात नसेल तर त्या महिन्यात टेगर्नझे.

घरी परतल्यावर

मुक्कामी तासाभराचा उशीर झाला असेल तर तिकिटाचे २५ टक्के, दोन तासांचा झाला असेल तर ५० टक्के परत मिळतात. हा अर्ज ॲपमधून त्याच रविवारी रात्री भरून टाका, पुढे राहूनच जातो. पासपोर्ट ठरलेल्या खणात. मग वही काढायची. प्रत्येक गावाला एक पान, त्यावर खोलीचं नाव, स्टेशनपासूनची मिनिटं, खर्च, आणि परत गेलो तर काय वेगळं करायचं ते. बोल्झानोच्या पानावर नवऱ्याने लिहिलं आहे: ‘सोमवारी म्युझियम बंद असू शकतं, वार बघणे.’ त्याखाली माझं: ‘रिटेनला सकाळी लवकर, आणि चटणी दुप्पट.’